मी कुठे पॅक म्हणालो?

एरवी ज्या घरात पत्त्यांचा कॅट नुसता दिसला तरी आई तो चुलीत घालेल, त्याच घरात वर्षातून एक दिवस आईच सतरंजी झटकून अंथरून देते. हा दिवस म्हणजे खान्देशातली आखाजी. पंचांग तिला अक्षय्य तृतीया म्हणतं. उरलेला महाराष्ट्र त्या दिवशी गुंजभर सोनं घेतो आणि आमरस ओरपून झोपतो. जळगाव-धुळ्याकडे हे दोन्ही होतंच. शिवाय पितरांच्या नावाने घागर भरतात, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवतात, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि लिंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणतात. या सगळ्यात ज्यांना कोणी काही काम सांगत नाही, असे सर्व वयांचे पुरुष पत्ते खेळतात. पैसे लावून. ओसरीवर, गोठ्यात, पारावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, जिथे सावली असेल तिथे.

या दिवशी केलेलं दान अक्षय्य असतं म्हणतात. या दिवशी झालेली उधारीही तशीच असते, पण पुराणात तिचा उल्लेख नाही.

खेळ बहुधा तीन पत्तीचा. ज्यांना तो येत नसेल त्यांच्या आईवडिलांचं अभिनंदन करून थोडक्यात सांगतो. सगळ्यांनी मध्ये बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकायचा. प्रत्येकाला तीन पानं. न बघता खेळलात तर ब्लाइंड, बघून खेळलात तर दुप्पट चाल. शेजाऱ्याला साइड शो मागता येतो आणि त्यात ज्याची पानं हलकी निघतील तो गुपचूप बाहेर. शेवटी दोघंच उरले की शो. आणि ज्याला पुढे पैसे घालायचे नसतील त्याने पॅक व्हायचं.

हे शेवटचं वाक्य दिसायला सर्वांत सोपं आहे. पण सगळी भांडणं त्याच्यावरूनच. डाव जिंकला कोण, यावर सहसा भांडण होत नाही. तीन एक्के पडले की सगळ्यांची तोंडं आपोआप मिटतात. भांडण होतं ते हरला कोण आणि कधी हरला यावर. माणूस पॅक झाला हे नेमकं कोणत्या क्षणी धरायचं? बोलला तेव्हा, पानं टाकली तेव्हा, की पानं जमिनीला टेकली तेव्हा? अमेरिकेत पोकर खेळणाऱ्यांनी यावर पानंच्या पानं नियम लिहून ठेवले आहेत. खान्देशात ते पाळायचे ठरवले, तर आखाजीचा खेळ अर्ध्या तासात आटोपेल आणि मग उरलेली दुपार करायचं काय?

आपल्याकडे पॅक होण्याच्या रीती तरी किती! एक जण दीर्घ सुस्कारा सोडून पानं पुढे सरकवतो, पण वीतभरच. तळहात पानांवर तसाच. पुढच्या माणसाने काय केलं हे बघून मग तो हात एकतर उचलला जातो किंवा पानांसकट मागे येतो. मागे आला तर ‘मी पानं नीट करत होतो’ हे ठरलेलं उत्तर. दुसरा पानं मांडीखाली सारून फोनवर बोलायला अंगणात जातो. तो डावात आहे की नाही हे त्यालाही माहीत नसतं. परत आल्यावर मध्ये किती पैसे जमलेत हे बघून तो ठरवतो. तिसरा ‘पॅक’ असं स्पष्ट, खणखणीत म्हणतो, पानं फेकतो, आणि समोरच्याने नुसत्या पेअरवर डाव ओढला की ‘अरे, मी तर मजाक करत होतो’ म्हणून ढिगाऱ्यात हात घालतो.

चौथा खरोखर पॅक होतो, आणि तोच सर्वांत धोकादायक. कारण आता त्याचे स्वतःचे पैसे सुटलेले असतात, पण जीव सुटलेला नसतो. तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून पानं बघतो, भुवया उडवतो, ‘चाल दे, चाल दे’ म्हणून ढोसतो, समोरच्याच्या चेहऱ्याचं जाहीर वाचन करतो. डावात असताना त्याने जेवढं डोकं चालवलं नाही, तेवढं बाहेर पडल्यावर चालवतो. क्रिकेटपासून जिल्हा परिषदेपर्यंत हा माणूस सगळीकडे भेटतो.

पाचवा प्रकार जावयाचा. जावई पॅक म्हणाला तरी तो ऐकला जात नाही. ‘असं कसं पाव्हणे, अजून एक चाल!’ असा आग्रह चालतो, आणि त्या बिचाऱ्याला रसाच्या वाटीप्रमाणे डावातही नको म्हणायची सोय उरत नाही. सासऱ्याकडे शो मागायचा नाही हे त्याला बायकोने सकाळीच बजावलेलं असतं. याच्या अगदी उलट सालदाराचं. त्याचं जुनं साल संपलेलं, नव्या सालाची बोली अजून व्हायची, म्हणजे त्या दुपारपुरता तो कोणाचाच नोकर नसतो. मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘शो’ म्हणायचा वर्षातला हा एकच दिवस. तो काही केल्या पॅक होत नाही, आणि त्याचं खरंच आहे.

हे सगळं एका डावात एकदम बघायला मिळालं ते धुळे तालुक्यातल्या एका ओसरीवर. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, लाइट सकाळपासून गेलेली. सतरंजीवर सात जण बसलेले आणि अकरा जण बघणारे. चाल चढत चढत मध्ये चारेकशे रुपये जमलेले. डावात उरले दोघंच, जिभाऊ आणि आबा. दोघंही सत्तरीचे, साडू, आणि गेली चाळीस वर्षं एकमेकांना उल्लू बनवण्याचा प्रयत्न करणारे. जिभाऊंची चाल देऊन झाली होती. तेवढ्यात आतून डांगराच्या फोडी आल्या. जिभाऊंनी पानं पालथी ठेवली, ताटलीसाठी दाराकडे वळले, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट आली.

ओसरीवरचा टेबलफॅन सकाळपासून तीन नंबरवर ठेवलेला होता, हे सगळे विसरलेले. तो असा घुमला की जिभाऊंची तीनही पानं सरपटत निघाली. दोन पानं टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगाला जाऊन टेकली, तिसरं आबांच्या गुडघ्याशी थांबलं. आबांची पानं मात्र जागची हलली नाहीत, कारण त्यांच्यावर तंबाखूची डबी ठेवलेली होती. आबांनी शांतपणे मधल्या नोटा गोळा करायला हात घातला.

‘‘जिभाऊ, तुम्ही पॅक व्हयी ग्यात.’’

‘‘मी कोठे पॅक म्हनं?’’

‘‘पत्ता ढिगले लागनात ना!’’

‘‘पंखानी टाकात! मी नही टाकात!’’

आता यात तोडगा काय काढणार? बघणाऱ्या अकरा जणांचे लगेच तीन पक्ष झाले. एक जिभाऊंचा, एक आबांचा, आणि एक महावितरणला शिव्या देणारा. तिसऱ्या पक्षाला सर्वांत जास्त पाठिंबा होता, पण त्याने डावाचा निकाल लागत नव्हता. तेव्हा कोणीतरी पुण्याहून आलेल्या भाच्याला पुढे ढकललं. भाचा हिंजवडीत नोकरीला. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस धरून तो एकदा गोव्याला गेला होता आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन आला होता. तिथे पोकरच्या टेबलावर त्याचे किती गेले हे त्याने कोणाला सांगितलं नाही. नियम मात्र पाठ करून आला होता.

भाच्याने सांगितलं ते असं. कॅसिनोत आपली पाळी आली असताना तोंडाने ‘फोल्ड’ म्हटलं की संपलं, शब्द मागे घेता येत नाही. समोर कोणाची तरी बोली उभी आहे आणि तुम्ही पानं पालथी पुढे ढकललीत, तरी तुम्ही बाहेर. टाकलेल्या पानांचा जो ढीग असतो त्याला ‘मक’ म्हणतात. त्यात पानं मिसळली की ती मेलेली धरतात. वेळ काढत बसलात तर दुसरा खेळाडू ‘क्लॉक’ मागू शकतो. मग अर्ध्या मिनिटाच्या आसपास मुदत मिळते. तेवढ्यात काही बोलला नाहीत तर हात मेला. जो डाव खेळतोय त्याने एकट्यानेच खेळायचा, एका हाताला एकच डोकं.

हे शेवटचं ऐकून ओसरीवर जरा गांभीर्य पसरलं. एका हाताला एकच डोकं? मग बाकीच्यांनी यायचं कशाला?

भाचा पुढे म्हणाला, की बोली नसताना, म्हणजे फुकटात डावात राहता येत असताना पानं टाकली, तर त्यालाही स्पर्धेत दंड होऊ शकतो. हा नियम मात्र सगळ्यांना एकमताने पटला. फुकट मिळत असताना उठून जाणारा माणूस खान्देशात अजून जन्माला यायचाय.

‘‘ते राहू दे,’’ आबा म्हणाले, ‘‘पंख्याचं काय?’’

पंख्याचंही होतं. कॅसिनोत आपल्या पानांचं रक्षण ही ज्याची त्याची जबाबदारी. खेळाडू पानांवर एखादी चिप किंवा जड नाणं ठेवतात. ते ठेवलं नाही आणि वाटणाऱ्याने चुकून पानं उचलून ढिगात टाकली, तर दाद मागता येत नाही. आबांनी आपली तंबाखूची डबी उचलून सगळ्यांना दाखवली. लास वेगासला जे आज कळतंय ते आबांना लग्नाआधीपासून माहीत होतं. पण भाच्याचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. ढिगाला लागलेली पानं कोणाची हे जर स्पष्ट ओळखता येत असेल, तर खेळाच्या भल्यासाठी ती परत द्यायची मुभा व्यवस्थापनाला असते. यावर जिभाऊ उठून उभे राहिले. ‘‘देखा! वळखू येतंय का नही?’’

म्हणजे नियम दोघांच्याही बाजूने निघाला. चांगला नियम असाच असतो.

प्रश्न एवढाच उरला की व्यवस्थापन कोण? कॅसिनोत त्यासाठी टेबलांमधून फिरणारा एक अधिकारी असतो, त्याला ‘फ्लोअर’ म्हणतात, आणि त्याचा शब्द अखेरचा. या ओसरीवर तो अधिकार वादातीत एकाच व्यक्तीकडे होता. मोठी माय आतून आली. तिने कोणाचंही म्हणणं ऐकून घेतलं नाही. ‘‘पयले जेवाले उठा. रस तपी राह्यना,’’ एवढं म्हणून तिने पंगतीसाठी सतरंजी मोकळी करायला घेतली आणि सगळी पानं उलथी करून गोळा केली.

तेव्हा जगाला दिसलं ते असं. आबांकडे चव्वी, नव्वी आणि दश्शी. जिभाऊंकडे दुर्री, सत्ती आणि गुलाम. कलर नाही, रन नाही, जोडीसुद्धा नाही. पाऊण तास ज्या पानांसाठी दोन साडू एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते, ती पानं शहाण्या माणसाने पहिल्याच फेरीत टाकून दिली असती. मोठ्या मायने नोटा मोजल्या आणि बर्फ आणायला पोराला पिटाळलं. जिभाऊ मात्र पानावर बसल्यावर म्हणाले, ‘‘पत्त्यांचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे. गुलाम दश्शीवर भारी असतो.’’ आणि रसाच्या पहिल्या वाटीबरोबर खटला पुन्हा उभा राहिला.

न्यायाचा प्रश्न म्हटला, तर तो या मातीत जुना आहे. जळगावहून धुळ्याला निघालं की वाटेत एरंडोल लागतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथले लोक मानतात, आणि भीमाने बकासुराला इथेच लोळवलं म्हणून जवळच्या पद्मालयाकडे बोट दाखवतात. तेव्हा पांडवांना आपण गाववालेच धरू. या गाववाल्यांच्या मोठ्या भावाने सभेत द्यूत खेळताना राज्य लावलं, भाऊ लावले, मग स्वतःला लावलं, आणि हरल्यावर द्रौपदीला लावलं. तिला आणायला प्रातिकामी नावाचा सेवक गेला, तेव्हा ती रडत बसली नाही. तिने त्याला उलट पाठवून नियमाचा प्रश्न विचारला: त्यांनी आधी स्वतःला हरवलं की मला? म्हणजे जो माणूस स्वतःच डावातून बाद झालाय, त्याची पुढची चाल धरायची कशी?

भरतखंडातला पॅकचा हा सर्वांत मोठा वाद. पुढे काय झालं? युधिष्ठिर गप्प. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असं सांगून निकाल राखून ठेवला. कौरवांतल्या विकर्णाने एकट्याने उठून तिच्या बाजूने बोलायचं धाडस केलं, तर त्याला खाली बसवलं. अखेर धृतराष्ट्राने वर देऊन डाव रद्द केला, आणि थोड्याच वेळात तीच मंडळी पुन्हा खेळायला बसली. या खेपेला पणाला बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. त्या सभेत भीष्म, द्रोण, विदुर असे सगळे होते. नव्हती फक्त एक मोठी माय, जी म्हणाली असती, आधी जेवायला उठा.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे २ ऑगस्ट १८७६ ला डेडवूड नावाच्या गावात वाइल्ड बिल हिकॉक नावाच्या प्रसिद्ध बंदूकबाजाला पोकर खेळता खेळता मागून गोळी घातली. त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या होत्या असं सांगतात. त्या पानांना आजही मेलेल्या माणसाचा हात म्हणतात. नियमाने बघितलं तर हात जिवंत होता, मेला होता तो फक्त माणूस. आपल्याकडे कोणाला गोळी घालत नाहीत. आपण त्याच्या पोराच्या लग्नात आहेर कमी करतो.

आता कायद्याचं म्हणाल, तर सरकारच्या दृष्टीने पॅक ही गोष्ट अस्तित्वातच नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याचं कलम १२ म्हणजे उघड्यावरचा जुगार. ‘झन्ना मन्ना खेळताना अमुक जण ताब्यात, रोकड आणि पत्त्यांचा कॅट जप्त’ अशी बातमी खान्देशातल्या पेपरात वाचली नाही असा महिना विरळा. आणि जुगाराच्या अड्ड्यात खेळ चालू असताना जो सापडेल तो खेळायलाच आला होता असं हा कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. ‘साहेब, मी तर केव्हाच पॅक झालो होतो’ हे वाक्य पंचनाम्यात कुठेही बसत नाही. खांद्यावरून पानं बघणारा चौथ्या प्रकारचा माणूस इथे मात्र बरोबर सापडतो.

थोडे हुशार लोक ‘आम्ही रमी खेळत होतो’ म्हणतात. कारण १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. पण त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे, हेही म्हटलेलं आहे. जिभाऊ-आबांच्या कौशल्याची यापेक्षा मोठी मानहानी दुसरी नसेल. शिवाय रमीला माणशी तेरा पानं लागतात. तीनच पानं छातीशी धरून रमी खेळतोय म्हणणाऱ्याची उरलेली दहा पानं हवालदार विचारणारच.

आणि खुद्द सरकार कसं खेळतं ते बघा. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यांचा एक कायदा मंजूर केला. मंजूर केला आणि पालथा ठेवला. तो कधी अंमलातच आणला नाही. सरकारं आली, गेली, कोणी चाल दिली नाही, कोणी पानं टाकली नाहीत. अखेर २०२३ साली तो कायदा रद्द झाला. तब्बल ४७ वर्षं! पोकरच्या टेबलावर अर्ध्या मिनिटात हात मारतात, इथे कोणी क्लॉकच मागितलं नाही. गोव्यानेही १९७६ सालीच जुगाराचा कायदा केला, पण त्यात पुढे दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत आणि मग पाण्यातल्या बोटींवर खेळाला परवानगी दिली. कॅसिनोवाला तेवढा मोकळा झाला. आपल्या भाच्यासारखे लोक पैसे घेऊन तिकडे जातात आणि नियम घेऊन परत येतात.

मध्यंतरी मोबाइलवरच्या पोकरनेही गावोगावी शिरकाव केला होता. त्यात फोल्ड म्हणजे एक बटण. दाबलं की गेलं, आणि नाही दाबलं तरी वेळ संपला की आपोआप गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो बरंच नुकसान झाल्यावर. पण त्या खेळात कित्येक जण बुडाले ते बघता एक गोष्ट ध्यानात येते. पानं टाकणं जितकं सोपं आणि बिनबोभाट, तितका पुढचा डाव लवकर सुरू होतो.

खान्देशात पॅकचा अगदी चोख नियम पाळला जातो अशी जागा एकच, आणि ती म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याचं टेबल. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की उमेदवारी मागे घ्यायची तर ठरलेल्या दिवशी दुपारी ३ च्या आत, लेखी, सही करून. आणि एकदा ती नोटीस दिली की ती रद्द करता येत नाही. ‘मजाक करत होतो’ चालत नाही. म्हणून तर त्या दिवशी सकाळपासून बंडखोर ‘नॉट रिचेबल’ असतात. नेत्यांच्या गाड्या एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात फिरतात, कोणाला महामंडळाचा शब्द मिळतो, कोणाला पुढच्या वेळचा. पावणेतीनला कचेरीच्या पायऱ्यांवर अशी काही धावपळ होते की तिला शासकीय साइड शो म्हणायला हरकत नाही. कोणाची पानं हलकी निघाली हे त्या दोघांनाच ठाऊक. तीनला घड्याळ वाजतं आणि सगळ्यांना कळतं कोण खेळतंय. पण जो पॅक झाला तो तरी घरी बसतो का? तो संध्याकाळपासून दुसऱ्याच्या खांद्यावरून पानं बघायला लागतो.

मग कॅसिनोला इतकी घाई कशाची? कारण साधं आहे. पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. प्रत्येक डावात मध्ये जे पैसे जमतात, त्यातला ठरलेला वाटा तो काढून घेतो. त्याला रेक म्हणतात. तासाला जितके डाव जास्त, तितकी त्याची कमाई जास्त. तुमचं भांडण पाऊण तास चाललं, तर त्याचे वीस-पंचवीस डाव बुडाले. म्हणून हात चटकन मारायचा, तक्रार चटकन मिटवायची, पानं पिसायची आणि पुन्हा वाटायची. नियम न्यायासाठी असतीलही, पण घाई गल्ल्यासाठी असते. आपल्याकडेही जिथे अड्ड्यावर नाल, म्हणजे असाच वाटा, काढणारा कोणी बसलेला असतो, तिथे जाऊन बघा. कोणाची पानं वीतभर सरकली तरी तो ‘पॅक, पॅक, पुढे चला’ म्हणून हाकलतो. तिथे कोणी कोणाचा साडू नसतो आणि आतून डांगर येत नाही.

आखाजीच्या सतरंजीवर नाल काढणारा कोणी नाही. इथे चारशे रुपये घरातल्या घरात या खिशातून त्या खिशात जातात आणि शेवटी बर्फाला लागतात. उन्हाळ्याची दुपार लांब, कापूस कधीच निघालेला, पेरणीला अवकाश. घालवायचा असतो तो वेळ. अशा वेळी पंख्याने पानं उडवली तर ती खेळातली अडचण नव्हे, तोच खेळ. ज्याला हरायचं असेल त्याने जरूर हरावं, पण वर्षाने भेटून मुकाट्याने हरून उठून जाणं हे चांगल्या घरच्या माणसाचं लक्षण नाही.

तरीही भाच्याच्या समाधानासाठी त्या ओसरीने, रस पचल्यावर, आपली नियमावली ठरवलीच. तिचा गोषवारा असा. एक: बोट पानांवर आहे तोवर माणूस डावात आहे. दोन: तंबाखूची डबी, अडकित्ता, चष्म्याचं घर आणि मोबाइल ही पानांवर ठेवायची अधिकृत वजनं. मोबाइल वाजला तर वजन बाद. तीन: वारा, वीज, वासरू आणि नातवंडं यांनी हलवलेली पानं जागची समजावीत. चार: पॅक झालेल्याने सल्ला द्यायचा असेल तर हरणाऱ्याच्या निम्म्या पैशाला उभं राहावं. पाच: जावयाला दोनदा आग्रह करावा, तिसऱ्यांदा त्याची पानं घ्यावीत. सहा: मोठ्या मायच्या निकालावर अपील नाही. सात: रागावून उठून गेलेला माणूस पॅक धरू नये, तो चपला शोधून परत येतो.

आठवा नियम जिभाऊंच्या आग्रहावरून घातला, आणि तो मात्र कॅसिनोच्या पुस्तकाला धरून आहे. पाळी असताना बोललेला शब्दच बंधनकारक. म्हणून आखाजीच्या रात्री खिसा चाचपत, ‘पुढच्या वर्षापासून मी पत्त्यांना हात लावणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते पाळीबाहेरचं बोलणं समजावं आणि पुढच्या वर्षी त्याची तीन पानं वाटून ठेवावीत.